नवं पुस्तक फळीवर पोहोचेपर्यंत

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शिरलं की देवघेवीच्या काउंटरजवळ 'नवीन ग्रंथ' अशी पाटी असलेला एक स्टँड दिसतो. त्यावरची पुस्तकं मुखपृष्ठ दाखवत उभी असतात. काही विद्यार्थी दोन-चार चाळून बघतात, बाकीचे थेट टेक्स्टबुकांच्या कपाटाकडे वळतात. ही पुस्तकं कुणी ठरवली, ती एवढ्या उशिरा का आली, आपल्याला हवं होतं ते त्यांत का नाही, हे विचारायला सहसा कुणी थांबत नाही. पुस्तकाचा इथवरचा रस्ता माहीत असला, तर त्यात विद्यार्थ्याला कुठे हात घालता येतो हेही कळतं.

सुरुवात मागणीपासून होते. वर्षाच्या आरंभी ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकातून प्रत्येक विभागाच्या वाट्याला काही रक्कम येते. विभागप्रमुख यादी देतात. ग्रंथालय ती आपल्या संग्रहाशी ताडून बघतं: हे पुस्तक आधीच आहे का, असल्यास किती प्रती, नवी आवृत्ती निघाली आहे का. मग यादी ग्रंथालय समितीपुढे जाते. सहसा प्राचार्य तिचे अध्यक्ष असतात आणि ग्रंथपाल सचिव. मंजुरी, दरपत्रकं, मागणीपत्र, आणि मग विक्रेत्याकडून गठ्ठे. अभ्यासक्रम बदलला की या यंत्रणेवर एकदम ताण येतो. नवं शैक्षणिक धोरण लागू झाल्यावर भारतीय ज्ञान प्रणालीसारखे विषय वर्गात आले आणि त्यांची पुस्तकं, विशेषतः मराठीतली, शोधता शोधता ग्रंथपालांची दमछाक झाली.

एक गोष्ट मात्र बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं. अनेक ठिकाणी खरेदीचा मोठा भाग मार्चअखेर होतो, कारण ३१ मार्चच्या आत रक्कम खर्ची पडायची असते. पुस्तकं येतात तेव्हा मुलं परीक्षेत अडकलेली असतात आणि नंतर सुट्टी. ज्या पुस्तकाची गरज ऑगस्टमध्ये होती, ते मे महिन्यात रिकाम्या वाचनकक्षात उभं राहतं. यादी जूनमध्येच तयार असेल आणि खरेदी दोन-तीन टप्प्यांत झाली, तर त्याच पैशांत कितीतरी जास्त वाचन होईल.

गठ्ठा सुटला की बिलाशी पुस्तकं पडताळतात. फाटकी पानं, उलटे बांधले गेलेले फर्मे, गळालेली पानं असतील तर ते पुस्तक परत जातं. उरलेल्यांची दाखल नोंदवहीत नोंद होते. ही जाड, आडवी वही म्हणजे ग्रंथालयाचा कायमचा दस्तऐवज. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, विक्रेता, बिल क्रमांक, किंमत अशी एका ओळीत एका प्रतीची हकिकत. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती आल्या तर पाच ओळी, पाच क्रमांक. संगणक आल्यानंतरही ही वही बऱ्याच ग्रंथालयांनी सोडलेली नाही. त्यानंतर शिक्के: शीर्षकपानाच्या मागे, शेवटच्या पानावर आणि आत एका ठरलेल्या पानावर. हे आतलं पान प्रत्येक ग्रंथालयाचं वेगळं असतं. बाहेरची पानं कुणी फाडली, तरी पुस्तक कुणाचं हे त्या पानावरून ओळखता येतं.

यानंतरचं काम सर्वांत कमी दिसतं, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. ते म्हणजे वर्गीकरण. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली दशांश पद्धती आपल्याकडच्या बहुसंख्य महाविद्यालयांत चालते. सगळं ज्ञान दहा मुख्य वर्गांत, प्रत्येकाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा. ३३० म्हणजे अर्थशास्त्र, ५३० भौतिकशास्त्र, ८९१.४६ मराठी साहित्य. त्यातही ८९१.४६१ कविता, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कथा-कादंबरी. आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण दिलं. एका पुस्तकात अनेक विषय कसे गुंफलेले असतात याचा त्यांनी केलेला विचार फार खोल आहे, पण रोजच्या वापरात ड्यूईच रुळले.

समजा, मराठवाड्यातला दुष्काळ आणि पाणलोट क्षेत्राचं नियोजन यावर एक मराठी पुस्तक आलं. ते कुठे ठेवायचं? जलविज्ञान म्हणून पाहिलं तर ५५१.४८, म्हणजे भूशास्त्राच्या कपाटात. गावाचा पाणीपुरवठा ही सार्वजनिक सेवा मानली तर ३६३.६१. पाणी ही नैसर्गिक संपत्ती आणि तिचं वाटप हा प्रश्न मानला तर ३३३.९१, अर्थशास्त्राच्या शेजारी. तिन्ही जागा बरोबर, पण पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं. म्हणून ग्रंथपाल अनुक्रमणिका वाचतात, प्रस्तावना वाचतात, लेखकाचा भर कशावर आहे ते बघतात. अर्धी प्रकरणं पाणीवाटपाच्या हक्कांवर असतील तर ३३३.९१ ठरतं. मग तालिकेतल्या नोंदीत 'दुष्काळ', 'जलविज्ञान', 'मराठवाडा' असे विषयशब्द जोडले जातात. त्यामुळे भूगोलाच्या मुलीने संगणकावर शोध घेतला तरी पुस्तक तिच्यापुढे येतं. पुस्तकाला मिळालेला हा शेजार त्याचं नशीब ठरवतो. चुकीच्या कपाटात गेलेलं चांगलं पुस्तक वर्षानुवर्षं कुणाच्या हाती लागत नाही.

क्रमांकाखाली लेखकाच्या आडनावाची अक्षरं येतात आणि दोन्ही मिळून पुस्तकाच्या कण्यावरची चिठ्ठी बनते. ती तळापासून सुमारे दीड इंचावर चिकटवतात, म्हणजे फळीवर सगळ्या चिठ्ठ्या एका रेषेत येतात आणि नजर भरभर सरकते.

संगणकातली नोंद 'सोल' किंवा 'कोहा' अशा प्रणालीत होते. इंग्रजी पुस्तकाचा तेरा अंकी आयएसबीएन टाकला की बहुधा दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरवून घेता येते. मराठी पुस्तकांचं तसं नाही. लहान प्रकाशकांच्या पुस्तकांच्या तयार नोंदी अनेकदा सापडतच नाहीत, त्यामुळे एकेक अक्षर हाताने टंकावं लागतं. जुन्या नोंदी काही ठिकाणी रोमन लिपीत आहेत, काही युनिकोडपूर्व फाँटमध्ये अडकल्या आहेत. म्हणून शोधताना पूर्ण शीर्षक टाकू नका. लेखकाचं नुसतं आडनाव टाका, आधी देवनागरीत, मग रोमनमध्ये. ऱ्हस्व-दीर्घाच्या एका फरकाने पुस्तक 'उपलब्ध नाही' असं दिसतं, आणि ते तीन हातांवर उभं असतं.

आता पुस्तक त्या स्टँडवर येतं. काही ग्रंथालयं नव्या पुस्तकांना आठ-पंधरा दिवस बाहेर सोडत नाहीत, सगळ्यांना बघता यावं म्हणून. हेतू चांगला आहे, पण वाचायची इच्छा झालेल्या क्षणी पुस्तक हातात मिळणं जास्त मोलाचं. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलच आहे. तुमच्याकडे असा नियम असेल तर काउंटरवर नाव नोंदवून ठेवा. पुस्तक सुटताच पहिलं तुमच्याकडे येईल.

नव्या पुस्तकांबरोबर विषयवार प्रदर्शनंही लागतात. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, डॉ. कलाम यांच्या जयंतीला १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, कुसुमाग्रजांच्या जयंतीला २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. १४ एप्रिलला महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड संदर्भ विभागातल्या बंद कपाटातून टेबलावर येतात. त्या दिवशी ते जरूर उघडा. काचेआडून दिसणारा जाड खंड आणि हातात धरून चाळलेला खंड यांत फार अंतर आहे.

स्टँडवर न दिसणारी साधनंही दरवर्षी वाढतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'एन-लिस्ट' योजनेचं सदस्यत्व महाविद्यालयाने घेतलं असेल, तर ग्रंथपालांकडून लॉगिन मिळतं आणि ई-पुस्तकं घरबसल्या वाचता येतात. संशोधन नियतकालिकांसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० नियतकालिकं. ती सरकारी संस्थांसाठी असल्याने आपलं महाविद्यालय तिच्यात बसतं का, हे विचारून घ्या. लॉगिनशिवाय चालणारंही पुष्कळ आहे: 'शोधगंगा'वरचे पीएच.डी.चे प्रबंध, खरगपूरच्या आयआयटीने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पीडीएफ स्वरूपातली पुस्तकं. मराठीतून प्रकल्प लिहिणाऱ्याने शेवटच्या दोन्हींपासून सुरुवात करावी.

आणि तो हात घालायचा भाग. बहुतेक ग्रंथालयांत शिफारस वही किंवा छापील अर्ज असतो. तो जुलै-ऑगस्टमध्ये भरा. नुसतं 'मानसशास्त्राची चांगली पुस्तकं हवीत' असं लिहिलं तर काहीच होत नाही. शीर्षक, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, आयएसबीएन आणि ते कोणत्या पेपरसाठी लागतं ते लिहा. जमल्यास विषयशिक्षकांची सही घ्या, कारण समितीपुढे तिला वजन असतं. चार-पाच जणांनी एकच पुस्तक मागितलं असेल तर वेगवेगळे अर्ज द्या, त्यावरून किती प्रती घ्यायच्या ते ठरतं. खरेदीला वेळ असेल आणि काम अडलेलं असेल, तर ग्रंथपालांकडून पत्र घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची सोय बहुधा होते. महाविद्यालय 'डेलनेट' या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्य असेल, तर दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवताही येतं.