योग्य गोळी, योग्य सुई

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याला उतरून डोंगराकडे तोंड केलं, की टॉवरांच्या मागे येऊरचं रान दिसतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. शंभर चौरस किलोमीटरांहून थोडं मोठं हे उद्यान वस्तीच्या विळख्यात टिकून आहे. त्यात सांबर आहे, चितळ आहे आणि बिबट्याही आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या जनावरांची शिकार हा गुन्हा आहे. तरीही, बंदुकीतून नेमकं काय सोडायचं हा जुना प्रश्न या डोंगराच्या पायथ्याशी आजही विचारला जातो. पूर्वी तो जीव घेण्यासाठी होता, आता जीव राखण्यासाठी आहे.

हा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी शिकाऱ्याच्या गोळीकडे पाहायला हवं.

वर्मी लागणं म्हणजे काय?

अमेरिकेच्या रॉकी पर्वतात एल्क नावाचं भलं मोठं हरीण राहतं. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. आपल्याकडे त्याचा जवळचा नातलग म्हणजे काश्मीरचा हंगुल. अंगापिंडाने तसा थोराड प्राणी म्हणजे आपलं सांबर. तिथे एल्कची शिकार परवान्याने होते आणि कोणती गोळी वापरायची हेही कायदा सांगतो. कोलोरॅडो राज्यात एल्कसाठी गोळीचं वजन किमान ८५ ग्रेन, म्हणजे साधारण साडेपाच ग्रॅम लागतं. आपलं हल्लीचं पाच रुपयांचं नाणंही याहून जड भरेल. अनुभवी शिकारी मात्र १६५ ते २०० ग्रेनची, म्हणजे अकरा ते तेरा ग्रॅमची गोळी पसंत करतात. कायद्याची आणखी एक अट आहे: गोळी आत गेल्यावर फुलणारी हवी.

हे फुलणं फार महत्त्वाचं. संपूर्ण धातूचं कवच असलेली लष्करी गोळी शरीरात शिरते आणि बारीक भोक पाडून पलीकडून निघून जाते. जनावर पळतं, मैलभर रक्ताचा माग सोडतं आणि कुठल्या तरी ओहोळात तडफडत मरतं. उलट, फार मऊ गोळी खांद्याच्या हाडावरच फुटते आणि हृदय-फुप्फुसांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून चांगल्या गोळीला दोन परस्परविरोधी कामं एकदम करावी लागतात: खोल शिरायचं आणि शिरता शिरता फुलायचं. तिचं टोक शिशाचं आणि उघडं ठेवतात, मागचा भाग तांब्याच्या जाड कवचात घट्ट बसवतात. आदळल्यावर टोक मागे मुडपतं आणि गोळीला अळंब्याच्या छत्रीसारखा आकार येतो. मागचं वजन तिला पुढे ढकलत राहतं. वर्मी लागणं यात नेम अर्धा. उरलेलं अर्धं काम गोळीच्या घडणीचं.

या घडणीचा इतिहास आपल्या देशातून जातो. १८९०च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात इंग्रजांनी टोक उघडं असलेली गोळी बनवली. तिने होणाऱ्या भयानक जखमा पाहून १८९९च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या न वापरण्याचा जाहीरनामा झाला. माणसावर क्रूर ठरलेली तीच रचना शिकारीत मात्र दयेची मानली जाते, कारण तिथे जनावर लवकर कोसळणं हीच दया.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. लष्करी मापाची काडतुसं नागरिकांना मिळू नयेत असा इंग्रजांचा नियम होता, म्हणून .३१५ हे वेगळं माप आपल्याकडे रूढ झालं. पुढे खडकीने त्याची काडतुसं बनवली आणि कित्येक घरांतल्या परवान्याच्या रायफलींना ती पुरली.

शिशाचा आणखी एक दोष उशिरा ध्यानात आला. फुटलेल्या गोळीचे कण मांसात राहतात, आतडी रानात टाकली की ती गिधाडं खातात आणि विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर हे प्रचंड गिधाड याच कारणाने धोक्यात आलं. १ जुलै २०१९पासून तिथे शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. आता तांब्याची वापरतात. गोळीची जबाबदारी जनावर पडल्यावर संपत नाही, हे त्यातून शिकायला मिळालं.

उडणारी पिचकारी

आता मानपाड्याला परत येऊ. आपल्याकडे बिबट्या वस्तीत शिरला तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११नुसार त्याला पकडणं, भूल देणं किंवा हलवणं शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री झाल्याशिवाय मारता येत नाही. म्हणून इथली गोळी म्हणजे डार्ट. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डोक यांनी १९५०च्या दशकात भूल देणारी बंदूक विकसित केली, त्यातूनच ही वाट मोठी झाली.

डार्ट तळहातावर घेतला तर बोटभर लांबीची हलकी नळी दिसते. पुढे सुई, मागे लोकरीचा रंगीत गोंडा. तो उडताना दिशा धरतो आणि पडल्यावर गवतात सापडतो. नळीचे दोन भाग: पुढे औषध, मागे दाबून भरलेली हवा. सुईचं भोक टोकाला नसतं, बाजूला असतं आणि त्यावर रबरी टोपण असतं. सुई कातडीत शिरली की टोपण मागे सरकतं, भोक उघडतं आणि हवा औषधाला आत ढकलते.

इथे शिकाऱ्याचं गणित उलटं होतं. गोळीने सगळी ताकद जनावराच्या अंगात सोडायची असते. डार्टने जेमतेम कातडी भेदायची असते. बंदुकीचा दाब कमी पडला तर तो वाटेतच पडतो, जास्त झाला तर हाड मोडतो किंवा पोटात घुसतो. त्यामुळे नेम मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर. आणि औषध, बहुधा झायलाझिन व केटामिन, वजनाच्या हिशेबाने. पण पार्किंगमधल्या अंधारात दबा धरलेल्या बिबट्याला तराजूवर कोण ठेवणार? डॉक्टरांना नुसत्या नजरेने ठरवावं लागतं: चाळीस किलोंची मादी की साठ किलोंचा नर? मात्रा कमी पडली तर अर्धवट शुद्धीतलं जनावर अंगावर येतं, जास्त झाली तर श्वास मंदावतो. बिबट्या पडला की उघड्या डोळ्यांवर मलम आणि फडकं, अंगाचा ताप मोजणं, श्वास मोजणं. काम झालं की झायलाझिनवर उतारा म्हणून योहिम्बिन.

२० फेब्रुवारी २०१९ला ठाण्यात पहाटे एका मॉलमध्ये बिबट्या दिसला आणि पुढे समतानगरमधल्या एका हॉटेलच्या तळघरात सापडला. काही तासांनी त्याला भूल देऊन सुखरूप नेलं. नोव्हेंबर २०२२मध्ये कल्याण पूर्वेच्या चिंचपाड्यात बिबट्या रहिवासी इमारतीत शिरला. माणसं जखमी झाली, पण अखेर तोही जिवंत पकडला गेला.

पंधरा मिनिटं

एल्कसाठी गोळी निवडणारा आणि बिबट्यासाठी डार्ट भरणारा, दोघांना आधी एकच गोष्ट लागते: समोरच्या जनावराची पक्की ओळख. त्याचं वजन किती, कातडी किती जाड, स्नायू कुठे, भीती किती. हत्यार त्यानंतर येतं. ही विद्या पूर्वी शिकाऱ्यांकडे होती; आज ती वनरक्षकांच्या आणि पशुवैद्यकांच्या हाती आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मात्र एक गोष्ट त्यांच्या हातात नाही. डार्ट लागल्यावर भूल चढायला साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात. भोवती आरडाओरडा झाला, मोबाइल उंचावून माणसं पुढे रेटली, तर घाबरलेल्या जनावराचं रक्त उसळतं, औषध लवकर चढत नाही आणि ते गर्दीत उडी घेतं. अचूक मात्रा, अचूक दाब, अचूक नेम, सारं तिथे वाया जातं. म्हणून आपल्या गल्लीत कधी बिबट्या आला, तर दार लावून घ्या, खिडकीतला दिवा मालवा आणि ती पंधरा मिनिटं त्याला शांततेत द्या.