चुन्याच्या घाण्याची हरवलेली विद्या

किल्ल्यांवर भटकंती करणाऱ्यांना अनेक ठिकाणी गोल दगडी चर आणि त्याशेजारी पडलेले जाडजूड दगडी चाक दिसते. हा चुन्याचा घाणा. जनावर जुंपून चाक चरातून फिरविले जाई व त्याखाली चुना आणि वाळू मळली जाई. घाणे उरले, ते चालविणारे हात मात्र दुर्मिळ झाले.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली, की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून मुरू द्यावा लागतो. न विरलेले खडे राहिल्यास ते पुढे फुगून गिलावा फोडतात. भिंतीत हाच चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. ओलीच्या जागी त्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळत. गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणीही वापरले जाई.

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ मध्ये घेतले गेले. विसाव्या शतकात सिमेंट आपल्याकडे सर्वत्र पोचले. झटपट घट्ट होणाऱ्या या मालापुढे चुना मागे पडला. चुना भाजणाऱ्या लोणाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या, गवंड्यांची पुढची पिढी सिमेंटवरच शिकली.

या बदलाची किंमत जुन्या वास्तूंनी मोजली. जुनी भिंत पाणी शोषते आणि चुन्याच्या सांध्यांवाटे ते बाहेर टाकते. सांधे सिमेंटने बुजविल्यास ओल दगड-विटांत अडकते. तिच्यातील क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाखाली वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे दुरुस्तीच नुकसानीचे कारण ठरते.

त्यामुळेच संवर्धनाच्या कामांत चुना परत आला आहे. मात्र केवळ चुना आणून भागत नाही. जुन्या गिलाव्याच्या तपासणीतून चुना-वाळूचे प्रमाण कळते. मिश्रण किती मळायचे, थापीला कसे चिकटले म्हणजे ते तयार झाले, काम किती दिवस ओले ठेवायचे, हे अनुभवानेच समजते. आधी नमुन्याची भिंत बांधून, चुकत-माकत ते पुन्हा शिकावे लागते.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. हा मान टिकवायचा तर निधीइतकीच चुना जाणणाऱ्या गवंड्यांची गरज भासणार आहे. ही विद्या कागदावर फारशी उतरलेली नाही. जाणते कारागीर आहेत तोवरच ती नव्या हातांकडे सोपविता येईल.