गोडाची ओढ आतड्यातून

आपण गोडाचा सगळा दोष जिभेला देतो. उंदरांवरच्या प्रयोगांनी मात्र ती बरीचशी निर्दोष ठरवली आहे.

कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स झुकर यांच्या प्रयोगशाळेत उंदरांपुढे दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एकीत ग्लुकोजचं पाणी होतं, दुसरीत ॲसेसल्फेम या कृत्रिम गोड पदार्थाचं. सुरुवातीला उंदीर दोन्ही सारख्याच आवडीनं प्यायले. दोन दिवसांत ते जवळजवळ फक्त ग्लुकोजच्याच बाटलीकडे वळू लागले. २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या या प्रयोगातून कारणही उलगडलं. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी ग्लुकोज ओळखतात आणि व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूच्या तळाशी निरोप धाडतात. ॲसेसल्फेम जीभ फसवतं, या पेशींना नाही. हा मार्ग बंद केला, तेव्हा उंदरांना गोड चव कळत राहिली, पण साखरेची खास ओढ काही निर्माण झाली नाही. त्याआधी २००८ मध्ये तर गोड चवच न कळणाऱ्या उंदरांनीही साखरेचं पाणी ओळखून तेच पसंत केलं होतं.

फळं, मध अशी साखर क्वचितच हाती लागायची, त्या काळात ‘आणखी हवं’ म्हणणारं आतडं जीव तगवत असणार. मग ‘पुरे’ कोण म्हणतं?

यकृत. साखर पोटात गेली की ते एफजीएफ२१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतं आणि ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसवर काम करतं. ज्या उंदरांत ते तयारच होत नाही, ते साखर जास्त खातात. वरून दिलं तर कमी. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की प्रथिनं वा स्निग्धांशाची भूक त्यानं मंदावत नाही. म्हणजे शरीर साखरेचा हिशेब वेगळा ठेवतं!

पण हा निरोप सावकाश पोचतो. माणसाला फ्रुक्टोज पाजल्यावर रक्तातलं एफजीएफ२१ सुमारे दोन तासांनी कळसाला जातं. सरबताचा ग्लास दोन मिनिटांत रिकामा होतो. शिवाय सर्वांचं यकृत सारखं नसतं. डेन्मार्कमधल्या साडेसहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, या संप्रेरकाच्या जनुकाची विशिष्ट रूपं असलेले लोक भरपूर गोड खाणाऱ्यांत सापडण्याची शक्यता सुमारे २० टक्के जास्त दिसली. गोडावर ताबा नाही म्हणून ज्यांना घरोघरी बोलणी बसतात, त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत ‘पुरे’ हा निरोपच क्षीण असू शकतो.