शेवटच्या क्षणाचा न्याय

हातीं भरपूर वेळ असतांना न्याय करणें फारसें अवघड नसतें. साक्षीपुरावा पाहतां येतो, चार वडीलधाऱ्यांना विचारतां येतें. परंतु जेथें विचाराला एक सेकंदहि मिळत नाहीं, सभोंवतीं हजारों माणसें ओरडत असतात, आणि निकाल कसाहि दिला तरी निम्मे प्रेक्षक रुष्ट होणार हें ठरलेलेंच असतें, तेथें न्यायबुद्धीची खरी कसोटी लागते. बास्केटबॉलच्या अटीतटीच्या सामन्यांत अखेरच्या क्षणीं मागितलेला ‘टाइम-आऊट’ हा असाच एक प्रसंग होय.

टाइम-आऊट म्हणजे सल्लामसलतीसाठीं संघानें मागून घेतलेला अल्पसा विराम. असे विराम प्रत्येक संघाला मोजकेच मिळतात. अमेरिकेंतील नियमांप्रमाणें खेळ चालू असतांहि खेळाडूला विराम मागतां येतो. मात्र त्या वेळीं चेंडू त्याच्या संघाच्या ताब्यांत असला पाहिजे. सारी मेख येथेंच आहे. हाताची खूण झाली तेव्हां चेंडू ताब्यांत होता कीं निसटला होता? घड्याळांत किती वेळ उरला होता? याचें उत्तर पंचाला तत्काळ द्यावें लागतें. विराम शिल्लक आहे कीं नाहीं हें टेबलापाशीं बसलेल्या गुणलेखकाच्या वहींत असतें. तो शिल्लक नसतां मागितल्यास ‘टेक्निकल फाऊल’ होऊन प्रतिपक्षाला फ्री-थ्रो मिळतो.

४ जून १९७६ रोजीं एन. बी. ए.च्या अंतिम मालिकेंतील पांचवा सामना बोस्टन सेल्टिक्स व फीनिक्स सन्स यांच्यामध्यें बोस्टन येथें झाला. गुण समसमान असतां बोस्टनच्या पॉल सायलस यानें, संघापाशीं विराम उरला नसतांहि, तो मागण्याची खूण केली. पंच रिची पॉवर्स यांनीं ती मानलीच नाहीं. सामना लांबला, आणि दुसऱ्या जादा डावाच्या अखेरीस बोस्टन एका गुणानें पुढें गेलें. खेळ संपला असें समजून प्रेक्षक मैदानांत उतरले. एकानें तर पॉवर्स यांच्यावर हात टाकला. तरीहि एक सेकंद शिल्लक असल्याचा निर्णय झाला. तेव्हां फीनिक्सच्या पॉल वेस्टफल यानें, जवळ नसलेला विराम मुद्दाम मागितला! दंडाचा एक गुण बोस्टनला मिळाला खरा. परंतु तत्कालीन नियमानें फीनिक्सला मैदानाच्या मध्यापासून चेंडू खेळावयास मिळाला, आणि गारफील्ड हर्ड यानें तो टोपलींत टाकून बरोबरी साधली. तिसऱ्या जादा डावांत बोस्टननें १२८-१२६ असा विजय मिळविला. पुढें नियम बदलून, अशा वेळीं फ्री-थ्रोनंतर चेंडूहि प्रतिपक्षाला देण्याचें ठरलें.

दुसरा प्रसंग ५ एप्रिल १९९३ चा. न्यू ऑर्लीन्स येथें मिशिगन व नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांचा राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना चालू होता. ११ सेकंद उरले होते. मिशिगन ७१-७३ असें मागें होतें. चेंडू न आपटतां चालण्याची ख्रिस वेबर याची चूक नुकतीच पंचांच्या नजरेंतून सुटली होती. पुढें मैदानाच्या कोपऱ्यांत दोघांनीं कोंडी करतांच त्यानें विराम मागितला. विराम उरलाच नव्हता. पंचांनीं दंड दिला, आणि मिशिगन ७१-७७ असें हरलें.

वरवर पाहतां पॉवर्स दयाळू व १९९३ चे पंच कठोर वाटतात. आमचें मत निराळें आहे. सायलसला जी दया मिळाली, ती फीनिक्सच्या ताटांतून काढलेला घांस होती. उलट वेबरची पहिली चूक सुटली म्हणून दुसरीचा दंड झाला, असेंहि म्हणतां येत नाहीं. एका निर्णयाची भरपाई दुसऱ्यानें करूं पाहणारा पंच दोनदां चुकतो. वेस्टफलच्या वेळीं तर नियमच सदोष होता. तरीहि पंचांनीं तो जसाच्या तसा पाळला, व दोषाची दुरुस्ती पुढें नियम करणारांनीं केली. हीच रीत योग्य होय.

आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे ‘फिबा’च्या, नियमांनीं या वादाचें मूळच बव्हंशीं छाटलें आहे. आपल्या देशांतील स्पर्धाहि याच नियमांनीं होतात. त्यांप्रमाणें खेळाडूला विराम मागतांच येत नाहीं. प्रशिक्षकानें अथवा त्याच्या साहाय्यकानें टेबलापाशीं मागणी करावयाची, आणि खेळ व घड्याळ थांबलें असतां, किंवा प्रतिपक्षानें गुण केल्यावर, ती मान्य व्हावयाची. उत्तरार्धांत असे तीन विराम मिळतात. त्यांपैकीं शेवटच्या दोन मिनिटांत फार तर दोन. धांदलींतल्या हातवाऱ्यांचा अर्थ लावण्याचें ओझें पंचावर राहत नाहीं.

पांचांमुखीं परमेश्वर, असें आपण म्हणतों. मैदानावर त्या क्षणीं पांचांना विचारण्याची सवड नसते. निर्णय एकाच मुखांतून निघतो. मोठ्या कुटुंबांत मुलांचीं भांडणें मिटवितांना घरांतील वडिलांवरहि हीच पाळी येते. रडणाऱ्याकडे मन ओढ घेतें. पण जो गप्प उभा आहे त्याचाहि वांटा आपल्याच हातीं आहे, हें त्यांनीं विसरूं नये. आणि घरचा नियमच जाचक वाटत असेल, तर तो भांडण शांत झाल्यावर, सर्वांना सांगून बदलावा.