चित्राचा तोल संगणक कसा मोजतो?

आमच्या तीर्थपुरीच्या बाजारात दर चार पावलांवर एक फ्लेक्स दिसतो. वाढदिवस, निवड, यात्रा, काहीही. दोऱ्या सरळ बांधलेल्या असतात, तरी काही फ्लेक्स एका बाजूला कलल्यासारखे वाटतात. हा कल आकड्यात मोजता येतो, तोही छपाईचे पैसे जाण्याआधी.

मूळ कल्पना शाळेतल्या गुरुत्वमध्याची. पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद भाग जड वाटतो, म्हणून प्रत्येक पिक्सेलचं वजन २५५ वजा त्याची उजळता. हे वजन गुणिले डाव्या कडेपासूनचं अंतर, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. समजा फ्लेक्स १२०० पिक्सेल रुंद आहे. २०० वर नेत्याचा फोटो (वजन ६०), ६०० वर मजकूर (३०), ११०० वर शुभेच्छुक (१०, बिचारे!). उत्तर येतं ४१०. मध्य ६०० वर, म्हणजे तोल १९० पिक्सेल डावीकडे गेला. पायथॉनमध्ये ओपनसीव्हीचं 'मोमेंट्स' फंक्शन हेच गणित करतं. फक्त चित्र आधी ग्रेस्केल करून उलटं करायचं, नाहीतर ते उजेडालाच वजन धरतं.

खरी गोम वजनात आहे. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणि घ्या. अंग उजळ, भोवताल गडद. वरचं सूत्र भोवतालालाच जड ठरवेल. त्यापेक्षा पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा किती वेगळा, हे मोजलेलं बरं. इट्टी, कोख आणि नीबर यांनी १९९८ मध्ये मांडलेलं मॉडेल रंग, उजळता आणि रेषांची दिशा यांतला असा फरक पकडतं. पण मग गिलावा पडलेल्या फिकट जागाही जड होतात! चेहरा आणि पोपडा यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणून चेहरा ओळखणारा प्रोग्राम जोडून त्याला जास्त वजन द्यावं लागतं. किती जास्त, ते आपणच ठरवतो. म्हणून मी हा आकडा एकाच फ्लेक्सचे दोन नमुने ताडून बघायलाच वापरतो. दोन वेगळी चित्रं त्यावर तोलत नाही.

आणखी एक. पद्मपाणिचा फोटो एकटा घेतला तर त्याचा देह एका अंगाला झुकलेला दिसतो. पण गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या दुसऱ्या बाजूला वज्रपाणि आहे. दोघांचा तोल पूर्ण भिंतीवर साधलेला आहे, आणि आपण कापलेल्या फोटोत ती भिंत नसते. प्रोग्रामला फ्रेमच्या बाहेरचं काहीच दिसत नाही.