विश्लेषण : रोलप्लेइंग खेळातली सराई किती सुरक्षित असावी?

सराई कशासाठी?
‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) सारख्या खेळातली मोहीम कधी कधी वर्षभरही चालते. सततच्या धोक्याने खेळाडू कंटाळतात. सराईत पात्रांच्या जखमा भरतात, बातम्या कळतात, पुढचा बेत ठरतो. २०१४च्या नियमांनुसार आठ तासांच्या ‘लाँग रेस्ट’नंतर गमावलेले सगळे हिट पॉइंट परत मिळतात.

इतिहासातला नमुना कोणता?
जपानमधील क्योतोच्या फुशिमी भागातली ‘तेरादाया’. शोगुनशाहीच्या विरोधातला साकामोतो र्योमा इथे उतरत असे. सराईची मालकीण ओतोसे हिने त्याला आसरा दिला होता. १८६६ मध्ये एका रात्री शिपायांनी सराईला वेढा घातला. न्हाणीघरात असलेली ओर्यो तशीच धावत वर गेली आणि तिने त्याला सावध केले, असे सांगतात. र्योमा जखमी झाला, पण निसटला.

गेम मास्टरने काय घ्यावे?
मालकीण कोणाचे गुपित राखते आणि का, हे आधी ठरवावे. मागची वाट आणि इशारा देणारे माणूस हवेच. मात्र दर सत्रात छापा पडला, तर खेळाडू कोणावरच विश्वास ठेवणार नाहीत. आसरा मोडायचाच, तर एकदाच मोडावा.