विद्वानाच्या कार्याचें माप

एखाद्या अर्थेतिहासकाराचें कार्य किती मोलाचें, हें मोजावें कसें? त्याच्या ग्रंथांची नुसती संख्या मोजून भागत नाहीं. म्हणून इतर अभ्यासक आपल्या लिखाणांत त्याचा आधार किती वेळां देतात, तें पाहण्याची रीत पडली. अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांनीं गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत अशा उल्लेखांची सूची छापून काढली. पुढें २००५ सालीं हिर्श नांवाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें एक अंक सुचविला: ज्याच्या १० लेखांस प्रत्येकीं निदान १० उल्लेख लाभले, परंतु ११ लेखांस ११ लाभले नाहींत, त्याचा अंक १०. गुणपत्रिकेची संवय असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस ही युक्ति आवडेल!

पण रॉबर्ट फोगेल यांचें उदाहरण पाहा. आगगाडीवांचून अमेरिकेची भरभराट झालीच नसती, हा समज त्यांनीं १९६४ च्या ग्रंथांत आंकड्यांनीं खोडून काढला. १९७४ सालीं एंगरमन यांच्यासह त्यांनीं अमेरिकेंतील गुलामगिरीच्या अर्थकारणावर जें पुस्तक लिहिलें, त्यावर तर टीकेची झोड उठली. त्याच्या खंडनार्थ स्वतंत्र ग्रंथ निघाले. आतां खंडनासाठीं केलेला उल्लेख हाही उल्लेखच. सूचीला स्तुति व निंदा सारखीच. शिवाय हिर्श यांच्या अंकांत हजारों वेळां उल्लेखिलेला ग्रंथही एकच धरावयाचा. वर्षानुवर्षें जुनीं दप्तरें चाळून एकच मोठें पुस्तक लिहिणारा यांत मागें पडतो. आमच्या मतें हा दोष लहान नव्हे. कारण अनेक विद्यापीठांत नेमणुका व बढत्या देतांना असले अंक पाहिले जातात. फोगेल यांस १९९३ सालीं डग्लस नॉर्थ यांजबरोबर अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या पुस्तकावरील वाद मात्र त्यानंतरही चालूच राहिला.